शर्ट झटकायचा मान

मी जळकी आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात ते काही गुपित नाही. आई मला हाकच तशी मारायची, "अगं ए जळकुटे, जेवायला ये." शेजारच्यांकडे नवी कपबशी आली तरी माझं तोंड दिवसभर वाकडं. पण ते सगळं किरकोळ. मनापासून, अगदी आतड्यापासून जळले ती एकाच माणसावर, माझ्या थोरल्या बहिणीवर. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आणि त्या सगळ्या जळण्याची सुरुवात एका शर्टापासून झाली.

शर्ट बाबांचा, खाकी. आम्ही कुंभवलीचे. बाबांच्या वाट्याला आलेली वाडी एवढीशी, तिच्यावर घर चालेना, म्हणून ते शेजारच्या कारखान्यांमध्ये एका ठेकेदाराकडे लागले. काम काय, तर बॉयलरच्या आणि वाफेच्या पाइपांना पांढरं जाड कापड गुंडाळायचं, सांध्यांना पांढरी दोरी आवळायची आणि वरून पांढरा लेप थापायचा, म्हणजे आतली उष्णता आत राहते. ॲस्बेस्टॉस हा शब्द आमच्या घरात कुणी कधी उच्चारला नाही. आमच्यासाठी तो 'बाबांचा कापूस' होता. त्याचे तुकडे घरी यायचे. चुलीवरचं गरम टोप धरायला तेच, आणि चुलीच्या मागे भिंत काळी होऊ नये म्हणून लावलेलं फडकंही तेच. जळत नाही, पेटत नाही, केवढं कौतुक होतं आम्हाला!

संध्याकाळी बाबा सायकलवरून यायचे ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. भुवया पांढऱ्या, कान पांढरे आणि शर्ट तर विचारू नका. जितका शर्ट पांढरा तितकं त्या दिवशी काम जास्त, असा हिशोब होता. गल्लीतले म्हणायचे, "आज लय काम केलंस रं." बाबा नुसते हसायचे.

आता आईचा एक नियम होता, शर्ट झटकल्याबिगर भिजवायचा नाय. तो कापूस बादलीत उतरला की बाकीच्या कपड्यांना चिकटतो आणि अंगाला खाज सुटते. म्हणून बाबांनी शर्ट काढला की तो आधी ताईच्या हातात जायचा. ताई अंगणाच्या टोकाला जास्वंदीपाशी उभी राहायची, दोन्ही खांद्यांना शर्ट धरायची आणि फाट्, फाट्, फाट्, तीनदा झटकायची. पांढरा ढग उठायचा आणि उतरत्या उन्हात चमचमत तिच्या डोक्यावर, वेण्यांवर बसायचा. मग ती खिशात हात घालायची. खिशात एक लिमलेटची गोळी असायची. शर्ट झटकणारीची गोळी.

हा तिचा मान. तो तिला कुणी दिला, कधी दिला, मला माहीत नाही. मला कळायला लागलं तेव्हा तो तिचा होता. मी ओटीवर उभी राहून बघायचे. पुढे गेले की ताई ओरडायची, "ए बारकी, तू सर तिकडं." मी भोकाड पसरायचे. बाबा मलाही एक गोळी द्यायचे, पण ती हातावर. हातावरची गोळी ती काय गोळी! मी ती रागाने अंगणात फेकून द्यायचे.

एकदा, मी आठेक वर्षांची असेन, शर्ट खांबावर टांगलेला बघून मी तो पळवला आणि विहिरीमागे नेला. झटकायला हात वर केला नाही तोच ताई आली. ओढाओढी झाली. बाही खांद्यापासून उसवली. मला आईने फोडून काढलं आणि शिक्षा म्हणून बाही शिवायला लावली. काळ्या दोऱ्याने शिवली, कारण खाकी दोरा घरात नव्हता. ती माझ्या आयुष्यातली पहिली शिवण, वाकडीतिकडी. पुढे जन्मभर मी शिवणच करणार आहे, हे तेव्हा कुठे माहीत होतं?

बाबा आम्ही मोठ्या झाल्यावर गेले. खोकत खोकत गेले. लोक म्हणाले, दमा होता.

ताई दिसायला उजवी. तिला पालघरचं स्थळ आलं, भाऊजी सरकारी कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, गॅलरीत मोगऱ्याच्या कुंड्या. माझं काही जमलं नाही. तीनदा कांदेपोहे झाले, तिसऱ्या वेळी पाहुण्यांनी ताईचा फोटो भिंतीवर बघून विचारलं, "ह्या कोण?" त्यानंतर मी आईला म्हटलं, बस झालं. शिवणक्लास केला आणि बोईसरला एक गाळा घेऊन टेलरिंगचं दुकान टाकलं. कारखान्यातल्या बायका येतात, "दीदी, थोडा ढीला रखना" म्हणतात, मी ठेवते. आई माझ्याजवळ कुंभवलीत. आई माझ्याजवळ, पण आईचा जीव पालघरला. भाजी घेतली की पहिली जुडी निवडून बाजूला काढणार, "ताईला आवडते." मग ती जुडी घेऊन पालघरला जाणार कोण? मी!

एक गोष्ट मात्र माझ्या बाजूची होती. ताईला माझ्याशिवाय कुणाचा ब्लाउज बसत नाही. पालघरमध्ये चांगले चांगले टेलर आहेत, पण ती बोईसरलाच येणार. ह्याचा मला गर्व होता, तोही कबूल करते.

तर ती आली, आणि म्हणाली, "ड्रेस कमरेत जरा सैल कर गं." मी केला. म्हटलं, सुखाने अंग धरलंय बाईने. दोन महिन्यांनी पुन्हा आली, पुन्हा सैल कर. मी टेप घेतली, मापं घेतली आणि वहीत लिहिली. कमर चांगली वाढलेली. आणि दंडाचं माप उतरलेलं. ब्लाउजची बाही तिच्या हातात लोंबत होती. तीस वर्षं मी बायकांची मापं घेतेय. बाई सुटते तेव्हा सगळीकडून सुटते, पोट पुढे आणि हात काटकुळे असं होत नाही. माझ्या टेपला ते कळलं, मलाही कळलं. पण जिभेला जुनी सवय. मी म्हटलं, "काय गं, भाऊजी रोज बासुंदी पाजतात वाटतं?" ती हसली. हसता हसता टेबलाला धरून खाली बसली आणि म्हणाली, "हल्ली दोन घास गेले की पोट भरतं बघ." मी म्हटलं, "नशीब लागतं!" आणि मशिनवर जाऊन बसले. तो शब्द अजून माझ्या घशात अडकलेला आहे.

पालघरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. पोटात पाणी. ते काढलं, पंधरा दिवसांत पुन्हा भरलं. मुंबईला पाठवलं. तिथे दुर्बिणीने आतला तुकडा काढून तपासायला दिला आणि मग ते नाव आलं, पोटाच्या अस्तराचा मेसोथेलिओमा. भाऊजींनी ते कागदावर लिहून आणलं होतं, कारण कुणालाच म्हणता येईना. खोटं कशाला बोलू, मी घाबरले. आणि त्याच घाबरण्याच्या पोटात, तिथेच, दुसरं एक कुत्सित काहीतरी हललं. आजार झाला तोही असा, कुणाला न होणारा. आम्हाला झाली तर ॲसिडिटी होणार.

मग तर काय, सगळं पालघरला सुरू झालं. नातेवाईक तिथे, फोन तिथे, नवस तिथे. आईने पिशवी भरली आणि जाऊन राहिली. मुगाची पेज, नाचणीची पेज, नारळपाणी. मी दुकानातून येऊन पाव आणि चहावर झोपत होते. दोन वर्षांपूर्वी मला डेंग्यू झाला होता, अंग नुसतं मोडून निघालं होतं, तेव्हा आई म्हणाली होती, "पड जरा, बरं वाटंल." बस्स. कॅन्सर झालेल्या सख्ख्या बहिणीवर जळणारी बाई जगात असते का? असते. मी रोज संध्याकाळी रिकाम्या घरात चूल न पेटवता बसायचे आणि जळायचे, आणि मग स्वतःचीच लाज वाटून रडायचे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मुंबईच्या मोठ्या डॉक्टरणीकडे जायचं ठरलं तेव्हा ताई म्हणाली, "बारकीला घ्या बरोबर. हे सगळं ऐकून ह्यांचं डोकं चालत नाय." मला घ्या म्हणाली ह्याचाही मला आनंद झाला. आईला नाही, मला.

डॉक्टरीण माझ्याहून लहान, केस पांढरे व्हायला लागलेले, शांत. तिने मला विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हटलं, टेलर. ती म्हणाली, "मग तुम्हाला लगेच कळेल. पोटाला आतून अस्तर असतं. आतडी, यकृत, सगळं त्या अस्तरात गुंडाळलेलं असतं. ह्यांचा आजार त्या अस्तरावर आहे, बारीक दाणे पडल्यासारखा." ऑपरेशनमध्ये त्या अस्तराचे जिथे जिथे दाणे आहेत ते भाग सोलून काढायचे, आतड्यांवर चरबीचा पदर असतो तो काढायचा, लागलं तर आणखी काही. डोळ्याला दिसेल ते सगळं. आणि जे डोळ्याला दिसत नाही त्याच्यासाठी, पोट उघडं आहे तेव्हाच, केमोचं औषध गरम करून पोटात सोडायचं. तापलेल्या अंगापेक्षाही गरम, पण भाजणार नाही इतकं. तासदीड तास मशिनने ते पोटात फिरवत ठेवायचं, मग काढून टाकायचं आणि शिवायचं.

"बरी होईल?" भाऊजींनी विचारलं.

"वचन देत नाही," ती म्हणाली. "वेळ मिळेल. काहींना बराच मिळतो. पण एक सांगून ठेवते. पोट उघडल्यावर आजार फार पसरलेला दिसला, तर काहीही न करता मिटवावं लागेल. तेव्हा त्या लवकर बाहेर आल्या तर समजा की जमलं नाही."

ताईने मान हलवली. मग डॉक्टरणीने कागद ओढला आणि विचारलं, "घरात कुणी ॲस्बेस्टॉसचं काम केलंय? बॉयलर, पाइप, असं काही?"

"वडील होते कारखान्यात," ताई म्हणाली. "पण मी कधी आत पाऊल टाकलं नाय."

"घरी काही यायचं? धूळ, कपडे?"

"नाय नाय," ताई म्हणाली.

आणि मला काय झालं कोण जाणे. चाळीस वर्षांचं तुंबलेलं भसकन बाहेर आलं. "नाय काय? यायचा की! रोज शर्ट यायचा पांढराफटक आणि रोज हीच झटकायची. मला हातसुद्धा लावू द्यायची नाय! रोज गोळी हिलाच!"

डॉक्टरणीचं पेन थांबलं. मग ताईकडे वळून तिने हळू विचारलं, "किती वर्षं झटकलात?"

ताईने बोटांवर मोजलं. "शाळेत होते तेव्हापासून. लग्न होईपर्यंत."

"आणि तुम्ही?" डॉक्टरणीने मला विचारलं.

"मला कधी मिळालाच नाही," मी म्हटलं. अगदी त्याच रडक्या आवाजात, आठ वर्षांच्या पोरीच्या. आणि माझं वाक्य माझ्याच कानावर पडलं. मी तोंडावर पदर दाबला.

ती लिहीत होती. म्हणाली, त्यानेच झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, ज्यांचा त्या धुळीशी काही संबंध आला नाही अशांनाही होतो. पण त्या धुळीने हा आजार होतो, आणि आत गेलेली धूळ पंचवीस-तीस-चाळीस वर्षांनी डोकं वर काढते. तुम्हीही एकदा तपासून घ्या. आणि घरात जुनं काही उरलं असेल, कापड, दोरी, तेव्हाचे कपडे, तर झटकू नका. आधी पाण्याने ओलं करा, पिशवीत बांधा.

परतताना भाऊजी गाडी चालवत होते. मी मागे ताईशेजारी बसले होते, खिडकीकडे तोंड करून. मनोरला वळल्यावर ताई म्हणाली, "तुझं चाळीस वर्षांचं भांडण आज फायलीला लागलं बघ." आणि हसली. मला हुंदका आला. तिने माझा हात घट्ट धरला आणि कानाशी येऊन म्हणाली, "आईला यातलं एक अक्षर सांगायचं नाय. झटकल्याबिगर भिजवायचा नाय, हे कोण म्हणायचं? ती जगायची नाय, बारकी." मी म्हटलं, नाही सांगणार. आईच्या गळ्याची शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि घर धुंडाळलं. चुलीमागचं फडकं, टोप धरायचे दोन तुकडे, माळ्यावर दोरीचं एक वेटोळं. सगळ्यावर पाणी ओतलं, पिशव्यांत बांधलं. आईच्या ट्रंकेला मात्र हात लावला नाही. तिला हात लावायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिला आत नेलं. आई पालघरला देवापुढे बसली होती, आणि बाहेर मी आणि भाऊजी, लोखंडी खुर्च्यांवर. दार उघडलं की दोघंही उभे राहायचो. कुणा दुसऱ्याला बोलावलं की बसायचो. एरवी बाहेर बसलेली माणसं म्हणतात, लवकर येऊ दे. आम्ही म्हणत होतो, येऊ नको. राहा आत. तास झाला, दोन झाले. भाऊजींनी चहा आणला, तो तसाच गार झाला. तीन तास झाल्यावर भाऊजी म्हणाले, "म्हणजे सुरू असणार." मी म्हटलं, बोलू नका, नजर लागेल.

दुपारी डॉक्टरीण स्वतः बाहेर आली, डोक्यावर ती हिरवी टोपी. म्हणाली, "आजार काढता येण्यासारखा आहे. काढतोय. अजून बराच वेळ लागेल." भाऊजी खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडले. आणि मग ऊन उतरल्यावर नर्सने येऊन सांगितलं, दिसणारं सगळं काढलं, आता गरम औषध सोडलंय.

तो तासदीड तास मला जन्मात विसरता येणार नाही. आत तिच्या पोटात ते औषध फिरत होतं आणि बाहेर मी माझ्या मनाला फिरवत होते. लहानपणापासून मी एकच मागत आले होते, ताईच्या जागी मी. तिचा शर्ट, तिचं रूप, तिचं घर. देवाने पहिलंच मागणं ऐकलं असतं तर? आणि ह्यानंतर मनात आलं ते सांगायला जीभ रेटत नाही, तरी सांगते. बरं झालं, असं आलं. बरं झालं मला मिळाला नाही. बहीण आत फाडून ठेवलेली आणि मी बाहेर बसून सुटलेय म्हणते! मी उठून बेसिनवर गेले आणि तोंडावर पाणी मारत राहिले. भाऊजींना वाटलं मला उलटी होतेय.

दिवेलागणीनंतर तिला बाहेर आणलं. नाकात नळी, पोटातून नळ्या, ओठ पांढरे. मी पायाच्या अंगठ्याला हात लावला. गरम होता.

चार दिवस आयसीयू, मग वॉर्ड. वॉर्डात मी राहिले. तीन चेंडूंची एक प्लास्टिकची पेटी देतात, श्वास ओढून चेंडू वर चढवायचे, फुप्फुसांसाठी. ताईचा एकच चढायचा, तोही धापा टाकत. आणि सगळ्यांचं लक्ष तिच्या वाऱ्याकडे. आतडी जागी झाली की वारा सरतो, त्याशिवाय तोंडाने काही द्यायचं नाही. आईचा दिवसातून तीनदा फोन, "सरला का गं वारा?" भाऊजींचा फोन, "काही प्रगती?" मी ताईला म्हटलं, "बघ, तुझ्या पादण्याचीसुद्धा गावभर वाट बघतात. माझं कुणी विचारलंय कधी?" ती पोट धरून म्हणाली, "हसवू नको गं, टाके ओढतात." सहाव्या दिवशी सरला. मी स्वतः आईला फोन लावला आणि आई तिकडे आनंदाने रडली.

त्याच दुपारी, नर्सने ओल्या कापसाने तिचे ओठ पुसले तेव्हा ती डोळे मिटून म्हणाली, "आत्ता लिमलेटची गोळी पायजे होती बघ."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "ताई, खरं सांग. मला का नाय दिलास तो शर्ट कधी?"

तिने डोळे उघडले. मी तिच्यासाठी उत्तर तयार ठेवलं होतं. मला खाज सुटायची, मी लहान होते, तिला माझी काळजी होती, असलं काहीतरी. तिने ते म्हणावं आणि मी तिच्या पायांवर डोकं ठेवावं. इतके दिवस मी तेच घोकत होते.

"गोळीसाठी," ताई म्हणाली. "दुसरं काय! हावरट होते मी. आणि मला दोन मिळायच्या. एक खिशातली. आणि एक तू रुसून अंगणात फेकायचीस ती. धुवून खायचे."

तेव्हा ही बाई माझी गोळी खात होती, आणि चाळीस वर्षं मला पत्ता नाही! मी म्हटलं, "चोरटे!" ती म्हणाली, "जळकुटे!" आणि पुन्हा पोट धरून, रडकं तोंड करून, हसायला लागली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं, आम्ही भांडतोय.

महिनाभर पालघरला काढल्यावर आई हटून बसली, आता पोरीला माहेरी आणायचं. ताई कुंभवलीला आली. अंग निम्मं झालेलं. पोटावर वरपासून खालपर्यंत टाक्यांची रेघ. पुढच्या तपासण्या बाकी होत्या, काय निघेल ते देवाला माहीत, पण घास खात होती. ओटीवर खाट टाकली. मी त्या दिवशी दुकानाला दांडी मारली, म्हटलं, आई एकटी तिचे लाड करणार, मी काय बोईसरला बसून गळे कापू?

दुपारी आई ट्रंक उघडताना दिसली. मी भाजी निवडत होते. तिने तळातून एक घडी काढली आणि बाहेर आली. खाकी. माझ्या हातातली मेथी खाली पडली.

"तुझ्या बाबाचा हाय," आई ताईला म्हणाली. "ठेवला व्हता मी. तसाच ठेवला, धुतला बी नाय, त्याचा वास जाईल म्हणून. पोटावर घे बाय. त्याचा हात फिरंल." आणि खाटेपाशी उभी राहून तिने घडी उलगडली, दोन्ही खांद्यांना शर्ट धरला आणि म्हणाली, "थांब, कसर लागली असंल, झटकून देते." हात वर गेले.

मी ओटी एका उडीत ओलांडली आणि शर्ट हिसकावला.

"दे इकडं! तो माझा हाय!"

आई हेलपाटली. "अगं? अगं काय करतेस?"

"बाहीची शिवण माझी हाय." खरंच होती. खांद्यापाशी काळ्या दोऱ्याची, वाकडी. "हिला जन्मभर मिळाला. रोज मिळाला. आता मी देणार नाय. कुणाला नाय देणार!"

"लाज नाय वाटत?" आई म्हणाली. "बहीण मरणाच्या दारातून आली, आणि तू अजून ह्या चिंध्यांवर जळतेस? म्हातारी झालीस तरी जळकुटी ती जळकुटीच राहिलीस. माझ्या पोटाला कशाला आलीस गं!"

ताईला शब्द दिला होता. शर्ट घट्ट गुंडाळून छातीपासून लांब धरला होता. ताई खाटेवरून माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते. मग तिने आईचा हात धरून तिला खाली बसवलं आणि म्हणाली, "जाऊ दे गं आई, घेऊ दे तिला. बारकी हाय ती." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "खिशात गोळी असंल तर अर्धी मला."

मी मागच्या दारी मोरीत गेले. शर्टावर तांब्याने पाणी ओतलं, हळूहळू, सगळा भिजेपर्यंत. खरं सांगू? तो इतक्या वर्षांनी माझ्या हातात होता आणि क्षणभर, लाज सोडून, मला बरं वाटलं. मग दोन पिशव्यांत घातला आणि गाठ मारली. ओटीवर आई मला नावं ठेवत होती, ताई हूं हूं करत ऐकत होती, आणि मी हात धुऊन मेथी निवडायला परत बसले.